डिकीतला नखाएवढा स्विच

गाड्यांच्या वायरिंगच्या कामात मिस्त्रींची हयात गेली होती. नुसत्या आवाजावरून दोष ओळखतो, असं ते छातीठोकपणे सांगायचे.

एकदा निवृत्त मास्तर आपली जुनी, मागे दुमडणाऱ्या टपाची गाडी घेऊन आले. टप उघडत नव्हता. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती. टप उघडून मला एकदा फिरवून आणा, एवढंच तिचं मागणं होतं.

मिस्त्रींनी बटण दाबलं. टप हलवणाऱ्या पंपाचा आवाज आला नाही.

"पंप गेलाय. नवा मागवावा लागेल," ते म्हणाले.

पंप यायला पाच आठवडे लागले. तो बसवला, तरी टप जागचा हलेना. तेव्हा कुठे मिस्त्रींनी वीज मोजायचं मीटर हातात घेऊन एकेक स्विच तपासला. डिकीत सामान आणि दुमडणारा टप यांच्यामध्ये एक पडदा होता; तो नीट लागला की तिथला नखाएवढा स्विच दाबला जायचा आणि मगच पंपाला वीज मिळायची. तो स्विचच मेलेला होता. जुना पंप ठणठणीत होता.

स्विच बदलताच टप अलगद मागे गेला. मास्तर आले तेव्हा मिस्त्रींनी काही न लपवता सगळं सांगितलं आणि म्हणाले, "आता वहिनींना फिरवून आणा."

"ती गेली. मागच्या सोमवारी." मास्तर म्हणाले. "मी गाडी आणली त्याच दिवशी हे तपासलं असतं, तर किती वेळ लागला असता?"

खोटं बोलणं मिस्त्रींच्या जिवावर आलं. "दहा मिनिटं," ते म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली. "टप बंद करून द्या," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.