रोहिदासची सुट्टी

माझ्या खानावळीत सध्या बावीस माणसं जेवत्यात. त्यातल्या एकवीस जणांचा आवाज मला सैपाकघरात ऐकू येतो. भाजीत मीठ कमी, चपाती जाड, पंखा का बंद. बाविसावा रोहिदास. तो कवाच काय म्हणत न्हाई. एकदा तरी त्यानं मला शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

मी सुभद्राबाई. चिखलीचीच. सासऱ्याची जमीन बिल्डिंगींखाली गेली, उरल्या तुकड्यावर मालकांनी खोल्या काढल्या आन खाली मी खानावळ मांडली. लोक म्हणत्यात, गाववाल्यांची मजा हाय. मजा काय डोंबलाची! पहाटे उठून चार किलो कणीक मळायला या, मग सांगते मजा.

रोहिदास माझा पयला भाडेकरू. अहमदपूरकडचा, लातूर जिल्ह्यातला. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला. बाकीच्या खोल्यांत तवा गवंडी होते, एक टेम्पोवाला होता. त्यात हा इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात कार्ड अडकवून निघाला की मलाच भारी वाटायचं. शेजारच्या मंजुळाबाईला मी मुद्दाम सांगायची, "आमच्याकडं कंपनीतला माणूस हाय बरं का." दर सात महिन्यांनी तो पिशवी भरायचा आन दारात यायचा. "काकू, सुट्टी लागली. गावाकडं जाऊलालो." महिना-दीड महिना जायचा आन वाळून परत यायचा. मी म्हणायची, "किती चांगली रं तुझी कंपनी! माझ्या जावयाला बँकेत आठ दिस सुट्टी मिळत न्हाई." तो हसायचा आन ताट उचलायचा.

मी शेतातली बाई. कंपनी मी रस्त्यावरनं पाहिलेली, तीबी भिंतीच्या वर दिसंल तेवढी. आत काय चालतं मला काय ठावं?

त्याचं प्रेम माझ्या डब्यानं उघडं पाडलं. बाप्यांचा डबा परत येतो कसा? खरकटा, झाकणाला भाजी चिकटलेली. ह्याचा डबा एक दिस लख्ख घासून आला, आन आत दोन कापण्या. दुसऱ्या दिशी शेंगदाण्याचा लाडू. मग एक दिस नुसती चार बोरं. आपल्यात भांडं रिकामं परत द्यायचं न्हाई, ही रीत. ही रीत पाळणारी चाकणच्या कंपनीत कोण भेटली ह्याला, म्हणून मी कान धरून विचारलं. लाजला हो, एकोणतीस वर्सांचा घोडा!

पोरीचं नाव पूनम. त्याच कंपनीत वायरिंगच्या लाइनला. लहानपणीच बाप गेलेला, आकुर्डीला मामाकडं वाढलेली. कंपनीची बस आकुर्डीवरनं यायची, तिच्यात ती आधीच बसलेली असायची, आन हा साने चौकात चढायचा. बसमधी बोलायची सोय न्हाई, बाया पुढं, बाप्ये मागं. म्हणून शनिवारी सुटल्यावर दोघं तळवड्याला उतरायची आन चिखलीपतोर पायी यायची. ना बाग, ना हाटेल. ट्रकांची धूळ खात आपलं बोलत यायची. एवढ्या मोठ्या शहरात प्रेम करायला जागा मिळाली ती ही! एकदा तो तिला माझ्याकडं घेऊन आला. पोरगी बसली न्हाई गप. पदर खोचावा तशी ओढणी खोचून माझ्यासंगं किलोभर लसूण सोलला. म्हणाली, "काकू, हे तुमच्याबद्दल लई सांगत असतात." मला ती तिथंच आवडली.

आता पुढचं मला मागनं कळलं, पण तुमाला आधीच सांगते, म्हंजी माझी चूक केवढी ते कळंल. पूनमच्या मामानं, हिंदुरावानं, सांगून ठेवलं होतं की पोरगी देईन तर परमनंट माणसालाच. तो स्वतः अठ्ठावीस वर्सं परमनंट. पूनमनं सांगून टाकलं, व्हय, परमनंट हाय. खरं तर रोहिदास ठेकेदाराकडनं लागलेला. पण दिवाळीत कायम करायच्या माणसांची यादी लागणार होती, आन साहेबानं त्याला शब्द दिला होता. तीन महिने निभावलं की झालं, असा दोघांचा हिशेब. तीन महिने कुणी काय बोललं न्हाई, म्हंजी झालं.

आन मग एका रविवारी दुपारी हिंदुराव माझ्या दारात आले. पांढरा शर्ट, वर खिशाला पेन. सोयरीक करायची तर चार ठिकाणी चौकशी करायचीच, त्यात वावगं काय न्हाई. रोहिदास खोलीवर नव्हता. मी पाटावर बसवलं, वाढलं. म्हणलं, आज पोराचं काम करून द्यायचंच.

"पोरगा कसा आहे, ताई?"

"सोनं हाय, सोनं! पाच वर्सं झाली. दारू न्हाई, तंबाखू न्हाई, आवाज न्हाई."

"आणि कंपनी?"

इथं माझी जीभ सुटली. "कंपनी तर विचारूच नका! पगारी माणसाला एवढं कोण जपतं? दर सात महिन्यांनी महिना-दीड महिना सुट्टी देते. पाच वर्सांत एकदा चुकली न्हाई."

हिंदुरावांचा घास हातातच राहिला. "दर सात महिन्यांनी?"

"व्हय तर! घड्याळ लावून घ्यावं."

त्यांनी घास ताटात ठेवला. बासुंदीची वाटी भरलेली तशीच. हात धुतला, "येतो ताई, जेवण चांगलं होतं," म्हणाले आन गेले. मला वाटलं, माणूस कमी खातो. मंजुळाबाईला हाक मारून सांगितलं, जमलं बरं का आमच्या रोहिदासचं.

तिसऱ्या दिशी डबा परत आला तो घासलेला होता, पण आत काय नव्हतं. त्यानंतर कवाच काय नव्हतं. दिवाळीच्या आधीच, काढीव मुहूर्त धरून, पूनमचं लग्न लागलं, आकुर्डीतल्याच परमनंट पोराशी. रोहिदास एवढंच म्हणाला, "जमलं न्हाई, काकू." मी त्या मामाला सात पिढ्यांचे शाप दिले. हा बाजूला बसून भात कालवत होता, बोटं नुसती फिरत होती, घास उचलंना. दिवाळीत यादी लागली, तिच्यात त्याचं नाव नव्हतं. साहेबाचा शब्द साहेबापाशीच.

वरीसभरानं पिंटू नावाचा नवा भाडेकरू एक दिस दुपारीच खोलीवर आला, तोंड पाडून. "ब्रेक दिला, काकू."

"ब्रेक म्हंजी रं?"

"सात महिने काम करून घेतात, मग काढून टाकतात. महिना-दीड महिन्यानं दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत घेतात. सलग भरले तर परमनंट करावं लागंल ना."

माझ्या हातात आमटीचा डाव होता. आमटी सांडली पायावर, तवा भाजलं ते कळलंच न्हाई. "मग आमच्या रोहिदासची सुट्टी?"

"सुट्टी कसली, काकू? तीच ती." पिंटू हसला.

मी बाहेर मोरीपाशी जाऊन बसले. माझ्या तोंडानं, माझ्या कौतुकानं त्या पोराचा संसार मोडला होता. लोक म्हणतील, यादीत नाव नव्हतंच, तरी मोडलंच असतं. अवो, पण तवर लग्न लागलं असतं ना! लागलेलं लग्न कोण मोडतं? पूनम माझ्या पुढ्यात लसूण सोलत बसली असती. रोहिदासला ठावं असंल का कोण बोललं ते? विचारायचा धीर झाला न्हाई. सा वर्सं त्याच्या ताटात तूप वाढत राहिले आन गप बसले.

परवाच्या रविवारी परत चौकशी आली. उद्धवराव म्हणून एक गृहस्थ, लातूरकडचे, विधवा बहिणीसाठी स्थळ बघत होते. कुणीतरी रोहिदासचं नाव सुचवलेलं. रोहिदास आता छत्तीसचा, कानाजवळ केस पिकलेत. बाहेर नळावर तो ताट धूत होता. मी मनात म्हणलं, सुभद्रे, देवानं दुसऱ्यांदा दारात आणून उभं केलंय, आता चुकू नको.

"परमनंट आहे का, मावशी?"

"परमनंटच की! कवाचा! सुट्टीबी घेत न्हाई मेला."

नळ बंद झाला. रोहिदास हात पुसत आत आला. "न्हाई, दादा. काकूला ठावं न्हाई. कंत्राटावर हाव मी. दर सात महिन्याला ब्रेक असतो."

उद्धवराव भले माणूस. घरी विचारतो म्हणाले, चहा पिऊन गेले. परत फोन न्हाई आला, आन यायचाबी न्हाई. पण ते फाटकाबाहेर पडले आन मी भडकलेच. "मेल्या, कशाला बोललास? माझ्या हातनं एकदा मोडलं, एकदा तरी जुळू द्यायचं होतंस!"

बोलून गेले आन मग कळलं, काय बोलले ते.

रोहिदास ताट पुसत राहिला. "तवाच कळलं होतं, काकू. पूनमला मामानं सांगितलं, पूनमनं मला."

"मग इतकी वर्सं बोलला का न्हाईस रं? दोन शिव्या द्यायच्या होत्यास मला!"

"काय बोलावं? तुमी माझं कौतिक करत होत्या. दुसरं कोण करत होतं?"

त्यानं ताट मांडणीवर नीट ठेवलं आन वर गेला. आज सकाळी पिशवी घेऊन दारात आला. "काकू, सुट्टी लागली. गावाकडं जाऊलालो."

मी डबा भरून ठेवला होता, तो त्याच्या हातात दिला. "जा बाबा," म्हणलं, "लई चांगली तुझी कंपनी." तो हसला, नेहमीसारखा. मग मी सैपाकघरात गेले, पदराचा बोळा तोंडात कोंबला आन पोटभर रडले.