नाव बदललं, सोडा तसाच ठेवला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो बिचारा गेलासुद्धा, शेजारणीचं आणि माझं विहिरीच्या पाण्यावरून बिनसलं होतं असं समजून. मुलांनाही तेच ठाऊक. परवा नात म्हणाली, "आजी, तुझ्यासारखं माणसांना समजून घेता यायला हवं." माझ्यासारखं! अशी खेकसले तिच्यावर की पोरगी रडवेली झाली. तिची काय चूक?

तर ऐका. ऐंशीच्या दशकात मी देवरूखला कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते. तेव्हाची मी बघायला हवी होती तुम्ही. खळ घातलेली कडक साडी आणि त्याहून कडक मान. विद्यापीठाच्या व्याख्यानमालेत पहिल्यांदाच बोलावणं आलं, तेही आमच्याच कॉलेजच्या सभागृहात, विषय 'माणूस समजून घेताना'. नात्यांची खोली, ऐकण्याची कला, वगैरे वगैरे. कुठल्या वाक्यानंतर पाण्याचा घोट घ्यायचा, याची आरशासमोर तालीम करत होती बया! आज समोर आली तर कानाखाली वाजवीन तिच्या. पण गाल माझाच — करणार काय?

आमच्या शेजारी सुमती राहायची. घरात सासू, कॉलेजात शिकणारी नणंद, थोडी भातशेती. नवरा मुंबईला — गणपतीला आणि शिमग्याला यायचा. एका दुपारी आमच्या पडवीत तांदूळ निवडता निवडता ती बोलून गेली. नवरा वाईट नाही, हात उगारत नाही. पण तो आला की मला माझंच घर परकं होतं. काय बोलावं सुचत नाही. त्याची यष्टी वळणाआड गेली की इतकं सुटल्यासारखं वाटतं — तिथेच स्टँडवर उभ्याने गोटी सोडा पिते. हसली, मग रडली. "कुणाला बोलू नका हो बाई," म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खरंच ठेवला. आणि त्याच क्षणी माझ्या मनात काय आलं? — उदाहरण मिळालं.

नाव बदललं. सुमतीची मालती केली, देवरूखचं लांजा केलं. सोडा तसाच ठेवला — कारण सोड्यावर लोक हसणार, हे मला पक्कं माहीत होतं. हसलेही. अहो, देवरूखच्या स्टँडवर एकटी उभी राहून सोडा पिणारी बाई दुसरी होती कोण? सगळा स्टँड तिला बघायचा. नवरा गेला, बिचारीच्या घशाशी हुंदका आलाय, असं समजून सोडावाला बर्फ जास्त घालायचा. हुंदका नव्हता, हे मी भर सभेत माईकवरून सांगितलं. दुसऱ्या रांगेत तिची नणंद बसली होती. मला दिसत होती. मी थांबले का? छे — पाण्याचा घोट घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची सासू आमच्या पायरीवर येऊन उभी राहिली. भांडायला नाही. हळूच विचारलं, "काय वो बाय, ती सोडावाली बुकातली ना?" तिला फक्त 'हो' हवं होतं. एक 'हो' आणि ती घरी जाऊन लेकीला गप्प करणार होती. मी काय कधी खोटं बोलत नव्हते? प्रिन्सिपॉलना ताप सांगितला, माझ्या सासूबाईंना उपास सांगितले. पण तिथे मला खरेपणाचा झटका आला! "माझी उदाहरणं पुस्तकातली नसतात, काकी," मी म्हटलं, "मी माणसं वाचते."

माणसं वाचते म्हणे! जीभ का नाही झडली?

सुमतीचा नवरा आला. ना गणपती होते, ना शिमगा. मुंबईत तो गाववाल्यांबरोबर राहायचा त्याच खोलीत, मोरीपाशी पडदा लावून, तिला घेऊन जाणार होता. निघायच्या दिवशी मी स्टँडवरून कॉलेजला चालले होते. तो ट्रंक टपावर चढवत होता. ती म्हणाली, "बाई, तुमचं भाषण ऐकायचं राहिलं. चांगलं झालं म्हणतात." टोमणा होता का? तोंडावरून काही कळेना — आणि मी म्हणे माणसं वाचायची. मी काय म्हणाले ठाऊक आहे? "पुन्हा कधीतरी."

मग घरी येऊन ते विहिरीचं भांडण रचलं.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं काय म्हणणार? तेच व्याख्यान मी संगमेश्वरला दिलं, चिपळूणला दिलं. उदाहरण रंगायचं, पण शेवट लंगडा पडायचा. म्हणून शेवट जोडला. मालतीच्या नवऱ्याने अखेर तिला समजून घेतलं, स्वतः येऊन तिला मुंबईला नेलं, दोघांमधलं अंतर मिटलं. पडद्याचं सांगितलं नाही. अलोऱ्याला वीजप्रकल्पाच्या कॉलनीत व्याख्यान संपल्यावर एका इंजिनिअरची बायको डोळे पुसत पुढे आली. "आता सुखात आहेत ना हो त्या?"

"खूप," मी म्हटलं.

सुमतीच्या खोलीचा पत्ता तिच्या सासूकडे होता, आमच्या कुंपणापलीकडे. मी कधी मागितला नाही. व्याख्यान मात्र निवृत्त होईपर्यंत देत राहिले.