आत्या आणि फ्लशची टाकी

आमच्या आत्याने झाकण उघडून पाहिलं नाही, अशी फ्लशची टाकी अख्ख्या सेलू तालुक्यात शोधून सापडायची नाही. आत्या शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाली आणि वर्ग सुटला, शिकवणं काही सुटलं नाही. माणसाने लावलेला सगळ्यात समजूतदार शोध म्हणजे ही टाकी, असं तिचं ठाम मत. "पाय बरं, वीज नाई, मोटार नाई. दांडा दाबला का तळाचं रबरी बूच उचलते, पाणी धो धो जाते. टाकी रिकामी झाली का बूच आपसूक बसते, अन् वरच्या पाण्याच्या वजनानंच घट्ट होते. मंग पाण्यासंगं फुगा वर चढते अन् नळ बंद करते. पुरे कधी म्हणावं, हे त्याले बरोबर समजते!" हे ती लग्नाच्या पंगतीतही सांगायची. बुंदी वाढणारा ताटापुढे तसाच थबकायचा.

माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही वडनेरला गेलो. पोहे आले, मुलगी आली, आणि आत्या "आलीच मी हात धुऊन" म्हणून जी गेली ती गेलीच. बाबा उगाच छताकडे पाहू लागले. घरात काय उणं सापडलं म्हणून मुलीच्या आईचा चेहरा उतरला. शेवटी मुलगीच उठून आत गेली; तीही परतेना. मी हिय्या करून मागे गेलो, तर आत्याचा हात कोपरापर्यंत टाकीत, आणि मुलगी ते जड झाकण छातीशी धरून उभी.

"बुचाखाली खडा अडकला होता. म्हून पाणी वाहूनच राह्यलं होतं," आत्या म्हणाली.

"मंग फुगा नळ काऊन बंद नाई करत?" मुलीने विचारलं.

"टाकी भरतच नाई, तं तो वर येईन कसा?" आत्या माझ्याकडे वळली. "पोरगी प्रश्न विचारते. हो म्हण."

मी लगेच मान डोलावली.

"मले बी विचारा ना!" मुलगी म्हणाली. आत्या इतकी खूष झाली, की ओल्या हातानेच तिने मुलीच्या पाठीवर थाप मारली. नव्या साडीवर पाच बोटं उमटली. होकार पुढच्या आठवड्यात आला.

आता आत्या वर्ध्याला मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहते. मुलगा-सून जीव लावतात. पण तिथली टाकी भिंतीच्या आत आहे. बाहेर नुसती दोन बटणं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा टाइलवर हात ठेवून ती म्हणाली, "आत काय चालू हाये, दिसतच नाई रे." मग बटण दाबून तिने टाइलला कान लावला.

परवा आमची टाकी वाहू लागली. मी बाह्या सरसावून निघालो, तर बायकोने अडवलं.

"हात नका लावू. आत्याबाईले फोन केला हाये. निघाल्या त्या."

मी चहाचं आधण ठेवलं.