सुई थांबायची तेव्हा

फोन यायच्या आधी सुई थांबली होती. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. दुपारची वेळ होती, भिंगारच्या माझ्या खोलीत दाराशी बसून मी एका गिऱ्हाइकाच्या गोधडीला धावदोरा घालत होते, आणि हात आपोआप थांबला. दोरा गुंतला नव्हता, सुई मोडली नव्हती. मी हाताकडे बघत बसले... आणि मग फोन वाजला. घोडेगावहून प्रज्ञाचा बाप बोलत होता. "मावशी, आपली पोरगी गेली," एवढंच म्हणाला. प्रज्ञा, म्हणजे माझ्या बहिणीची नात, भंडारदऱ्याकडच्या एका शाळेत शिकवायला होती. ताप आला, तिने तो अंगावर काढला, आणि डोंगरातून खाली दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झाला. मी भुताखेतांना मानत नाही. माझ्या सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हाच घरातले अंगारे, ताईत, गंडेदोरे सगळे नदीत गेले, आणि ते गेले ते बरं झालं, असंच मी आजही म्हणते. तेव्हा सुई का थांबली हे मला विचारू नका. थांबली होती, एवढं खरं आहे.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला मी घोडेगावला गेले. मांडवात एकापाठोपाठ एक माणसं उठून बोलली. हसतमुख होती, मनमिळाऊ होती, कळी उमलण्याआधीच खुडली गेली, असं बरंच काही. मी पुढच्या सतरंजीवर बसून ऐकत होते आणि हे कुणाबद्दल चाललंय ते मला कळेना. प्रज्ञा मनमिळाऊ नव्हती. चहा पातळ झाला तर कप तसाच ठेवून उठायची. रागावली की दोन दोन दिवस बोलायची नाही. आणि हे असले कळीबिळीचे शब्द खोडायला शिकण्यात तिची कॉलेजची वर्षं गेली होती, माझ्या डोळ्यांदेखत. तेच शब्द लोकांनी तिच्यावर मूठमूठ टाकले. तिच्या आईचा फोटो उरला नव्हता, म्हणून आई नाहीशी झाली. आता ही फोटो असून नाहीशी व्हायची, असं मला वाटलं. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका छापणारे दुरुस्त करतील, पण मजकूर बदलू नये.

तिची आई शांता. माझी बहीण लवकर वारली, तेव्हा शांताला मीच वाढवलं आणि मीच घोडेगावला दिलं. प्रज्ञा रांगत होती तेव्हा शांता काविळीने गेली. लग्नातला एक फोटो होता, तो घरात पाणी शिरलं तेव्हा भिजून पांढरा झाला. बापाने दुसरं लग्न केलं. दुसरी बाई वाईट नव्हती, पण तिने शांताला पाहिलेलंच नव्हतं, आणि बाप बाजारात जनावरं चढवण्या-उतरवण्याच्या कामावर, त्याला विचारलं की तो उठून बाहेर जायचा. बारावी झाल्यावर प्रज्ञा नगरच्या कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आली. पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, "आजी, माझी आई कशी होती?"

"होती तशी होती. मेली ती मेली. भाकर खा."

यात राग नव्हता. गेलेल्या माणसांबद्दल मी बोलत नाही, ही माझी रीत आहे. एकदा बोलायला बसलं की कामं तशीच राहतात. पोरगी हट्टी, तिने अधूनमधून विचारलं. मी हट्टी तिच्याहून जास्त, मी एक शब्द दिला नाही.

दुसऱ्या वर्षाला तिने लिहिण्या-बोलण्याचा एक विषय घेतला. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या गळी कसं उतरवायचं, ते शिकवायचा विषय. तो शिकवणाऱ्या सरांचा एक नियम होता. लिहिलेलं आधी अशा माणसाला वाचून दाखवायचं, जे तुमचं कौतुक करणार नाही. घरात मीच होते. कॉलेजातून आली की ती भिंतीकडच्या पत्र्याच्या पेटीवर बसायची आणि वाचायची, मी समोर गोधडी शिवत ऐकायचे. पहिला निबंध गावातल्या पहाटेवर होता. पक्षी किलबिलत होते, सोनेरी किरणं पसरली होती, वारा मंद होता. वाचून झाल्यावर म्हणाली, "झोपलीस का गं?"

"झोपले न्हाई. तुझे पक्षी मोजत हुते. घोडेगावात पहाटे शेणाचा वास येतो, टेम्पोत म्हशी चढवताना माणसं आईबहिणीवरून शिव्या देत्यात. ते कुठं हाय?"

"शिव्या कशा लिहू निबंधात?"

"मग पहाट तरी कशाला लिहिती?"

पेटीवरून उठून गेली. भांडी जोरात घासली. पण दुसऱ्या दिवशी पक्षी गेले होते आणि टेम्पो आला होता. म्हशीचा पाय फळीवरून घसरतो आणि एक माणूस तिच्या कानात हळू काहीतरी बोलतो, असं तिने लिहिलं होतं. तो माणूस तिचा बाप, हे मला न सांगता कळलं. तेव्हा माझी सुई थांबली. मला ते कळलंही नाही, तिला कळलं. तेव्हापासून ती वाचताना कागदाकडे कमी आणि माझ्या हाताकडे जास्त बघायला लागली. मी कधी छान म्हटलं नाही. हात थांबला की मी एवढंच म्हणायचे, "पुढं वाच."

तिसऱ्या वर्षी सरांनी शेवटचं काम दिलं. जे माणूस तुम्ही पाहिलेलं नाही, ते ऐकणाऱ्यासमोर उभं करा. तिने आई घेतली. मी म्हटलं, "माझ्याकडून काय मिळायचं न्हाई."

"मी मागितलं का?" ती म्हणाली.

मग रोज ती शांताला वाचायला लागली. पहिल्यांदा सगळं चूक होतं. हसताना तोंडावर पदर घेणारी, हळू बोलणारी बाई. शांता तसली नव्हतीच. मी खाली मान घालून टाके घालत राहिले. दुसऱ्या दिवशी पदर नव्हता. तिसऱ्या दिवशी आवाज चढला होता. पुढं तर रोज ती बाई थोडी थोडी बदलत गेली, आणि रोज मला खोलीत बसणं जड व्हायला लागलं. तिचे केस मागे ओढून बांधलेले झाले. ती भाकरी थापताना परातीला हलकेच धक्का द्यायला लागली. पोरगी वाचत होती आणि मला वाटत होतं, माझ्या पाठीमागून कुणीतरी चालत जवळ येतंय...

एका दुपारी तिने वाचलं, "आई घरात शिरताना दारात थांबायची. उजव्या पायाचा अंगठा उंबऱ्यावर दोनदा घासायची आणि मगच आत यायची." सुई माझ्या बोटात गेली. शांता लहानपणापासून हे करायची. का करायची, तिलाही माहीत नव्हतं. मी त्यावरून तिला मारलंही होतं. बाप शांताचं नाव काढत नव्हता, आणि मी तर हे कधी सांगितलं नव्हतं. मी दाराकडे बघितलं. उन्हाचा पट्टा उंबऱ्यावर होता. तिथं कुणी नव्हतं. तरी मी अंग चोरून बाजूला सरकले, वाट द्यावी तशी.

"पुढं वाचू?" तिने विचारलं. तिचा आवाजही बारीक झाला होता.

"वाच."

कॉलेजातल्या कार्यक्रमाला ती मला घेऊन गेली. मी मागच्या बाकावर बसले. तिने शांता वाचली तेव्हा पोरांनी भरलेल्या त्या खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मान वळवून दाराकडे बघितलं, आणि मला बरं वाटलं, की बघणारी मी एकटी नाही. सरांनी विचारलं, "हे सगळं तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "आजीने."

रिक्षात बसल्यावर मी तिला धरली. "खोटारडे, मी कधी सांगितलं? कुणाकडून काढलंस? खरं बोल."

"तुझ्याकडूनच."

"माझी जीभ झडली तरी मी—"

"जीभ न्हाई गं. हात." ती माझ्या बोटांकडे बघत म्हणाली. "मी अंदाजाने लिहायचे. चुकलं की तुझी सुई भराभर चालायची. बरोबरच्या जवळ आलं की हळू व्हायची. दारात यायची म्हटलं, तर टाका लांबला. दारात थांबायची म्हटलं, तर अर्ध्यात अडकला. मग पायावर आले, पायावरून अंगठ्यावर. आधी डावा लिहिला होता." डॉक्टर पोट दाबून कुठं दुखतं ते बघतो, तसं तिने मला महिनाभर दाबून बघितलं होतं. मी भिंगार येईपर्यंत हात पदराखाली घेऊन बसले. उतरताना ती म्हणाली, "रागावलीस?" मी म्हटलं, "तू तिच्यावर गेलीस." ती तिथंच रस्त्यात उभी राहिली. आईबद्दल मी तिला तोंडाने सांगितलेलं तेवढं एकच वाक्य.

पुढं ती शाळेवर गेली, तिकडच्या पोरांना लिहायला शिकवायला लागली. सुट्टीत आली की पेटीवर बसून वाचायची. शेवटची आली तेव्हा काहीतरी नवीन लिहितेय म्हणाली, पण अजून वाचण्यासारखं झालं नाही, पुढच्या खेपेला वाचते म्हणाली. निघताना दारात थांबली आणि अंगठा उंबऱ्यावर घासला. मला चिडवायला केलं असेल. तिने लिहिताना ते इतक्यांदा वाचलं होतं की सवयही लागली असेल. मी विचारलं नाही.

तिच्या बापाने तिचे कपडे माझ्याकडे पाठवले. मी त्यांची गोधडी शिवायला घेतली आहे. पिवळा पंजाबी ड्रेस मध्ये, कॉलेजची निळी ओढणी कडेला. दुपारी दाराशी बसते, समोर पेटी असते. टाके सरळ पडत असतात, आणि ती कॉलेजातून यायची त्या सुमाराला हात हळू होतो. मी तो रेटते. टाका लांबतो. मग सुई कापडात अर्धी जाऊन थांबते... दोरा गुंतलेला नसतो. खोलीत आवाज नसतो. पण माझा हात कशाला थांबतो ते मला आता माहीत आहे. जे खरं असेल त्यालाच तो थांबतो. ती काय वाचतेय ते मात्र मला ऐकू येत नाही.

मी पेटीकडे बघत नाही. सुई तशीच धरून ठेवते आणि म्हणते, "पुढं वाच."