इनामदार सरांच्या घरातला आवाज

आमच्या गल्लीत रोज दुपारी एक बाई इंग्रजीत बोलायची. आधी म्हणायची, "फ्रंट लेफ्ट." जरा थांबून, "फ्रंट राइट." मग पुन्हा "फ्रंट लेफ्ट." ती राहायची शेजारच्या इनामदार सरांच्या कॉम्प्युटरमध्ये. सर विंडोजऐवजी वापरायचे त्या लिनक्सला स्पीकर तपासायची आज्ञा दिली की ती एकदा डावीकडून बोलते, एकदा उजवीकडून, आणि गप्प करेपर्यंत बोलत राहते. एकदा भाजीवाला हातगाडी थांबवून मला म्हणाला, "ताई, नेमकं कुटल्या बाजूला बोलवायल्यात?"

सर उर्दू शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं भंगारात काढलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला आणि जुन्या मशीनला हलकं पडतं म्हणून त्यावर लिनक्स टाकलं. पुढं ते लिनक्सच्या इतके प्रेमात पडले की गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की औषध एकच. "लिनक्स म्हणजे सरळ माणूस, ताई," ते मला सांगायचे. "विचारलं की खरं सांगतंय. माणसं कुटं सांगत्यात?"

माझ्याही कॉम्प्युटरवर त्यांनी ते टाकलं आणि तो ताबडतोब मुका झाला. सर चहाला हात न लावता काळ्या पडद्यावर भराभर काहीतरी लिहीत बसले. "साउंड कार्ड सापडलं. त्याला चालवणारा ड्रायव्हर बी बसलाय," ते म्हणाले. "तुमचा आवाज चाललाय मॉनिटरकडं. त्या बिचाऱ्याला तोंडच न्हाय." आवाज त्यांनी स्पीकरकडं वळवला आणि मला दम भरला, "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की गुन्हेगार सुटला." चहा निवून गेला होता. तो तसाच प्यायले आणि चांगला झालाय म्हणाले.

मग एका अपडेटनंतर त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा आवाज कमी झाला. म्हणजे सर तसं म्हणायचे. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं, आणि भिंतीपलीकडं सर नवा ड्रायव्हर घालत असायचे. त्यांनी वायर बदलली, स्पीकर बदलले, पडद्यावरच्या आवाजाच्या सगळ्या हिरव्या पट्ट्या टोकाला नेऊन ठेवल्या. भाभी, म्हणजे त्यांच्या मिसेस, कानात कापूस घालून भाकरी थापायच्या. मैंदर्गीला भावाकडं निघाल्या तेव्हा मी म्हटलं, सरांना एकटं वाटेल. तर म्हणाल्या, "एकटं कायकू? ती फ्रंट लेफ्टवाली हाय की."

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं होतं. त्या रविवारी मात्र हसू आलं नाही. भाभी अजून मैंदर्गीलाच होत्या. रविवारी त्यांची नागपूरची लेक निलोफर व्हिडिओ कॉल करायची. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि भाभी त्या विषयावर बोलायच्या बंद झाल्या होत्या. त्या दिवशी भिंतीपलीकडून निलोफरचा आवाज खणखणीत आला, "अब्बा, तुम नाना बननेवाले." माझ्या हातातली शेंगांची पाटी तशीच राहिली. समोरच्या गॅलरीतली माणसंसुद्धा बाहेर आली. आणि सर म्हणाले, "हौ हौ. अपडेटके बाद ऐसाच होरा. देखतूं मैं."

थोड्या वेळानं निलोफरचा मला फोन आला. "मावशी, अब्बांना आनंद न्हाय झाला का?" तिचा आवाज रडवेला होता. मला सरांचा इतका राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

मी गेले तेव्हा ते पुन्हा काळा पडदा उघडून बसले होते. "पोरगी आज लई हळू बोलत होती," म्हणाले. "ड्रायव्हरचंच काहीतरी हाय."

मी खुर्ची त्यांच्या अगदी जवळ ओढली आणि मोठ्यानं म्हटलं, "सर, एका वेळी एकच गोष्ट बदलायची ना? ड्रायव्हर बदलला, वायर बदलली, स्पीकर बदलले. कान तपासायचे राहिलेत."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग स्क्रीनकडं बघितलं. "सगळ्या गल्लीला ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या गल्लीला."

"मग सांगायचं न्हाय का, ताई," ते हळूच म्हणाले. ते एरवी हळू बोलायचे नाहीत. "पोरगी काय म्हणाली?"

"ते मी नाही सांगणार. तिच्याकडूनच ऐका."

कानाच्या डॉक्टरची वेळ नंतर घेता येणार होती. मी ड्रॉवरमधला जाडजूड हेडफोन काढून दिला. त्याला ते पोरांचं खेळणं म्हणायचे. आज मुकाट्यानं कानावर चढवला आणि निलोफरला कॉल लावला. "बेटा, अब्बी क्या बोली तू? मुझे सुनाई नै दिया. फिरसे बोल."

आता आवाज हेडफोनमध्ये जात होता. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. पडद्यावर निलोफरचे ओठ हलताना दिसले. सर पडद्याकडं झुकले.

"फिरसे बोल," ते म्हणाले. तिनं सांगितलं.

"और एक बार."

मला वाटलं, अजूनही त्यांना नीट ऐकू येत नाहीय. मी आवाज वाढवायला हात पुढं केला, तर त्यांनी तो हलकेच बाजूला सारला. डोळे पडद्यावरच होते आणि भरून आले होते.

"ऐकू आलंय, ताई," ते म्हणाले.