भरवशाचे इंजिन

विमा कंपनीच्या दावे विभागात उभी हयात काढलेल्या त्या गृहस्थांना कचेरीत सगळे ‘कलमराव’ म्हणत. हे नाव ठेवणाऱ्यांचा हेतू गौरवाचा नव्हता. कुणाचे छप्पर उडाले, कुणाचा पंप जळाला, कुणाच्या दुकानात पाणी शिरले, की त्याचा दावा कलमरावांच्या टेबलावर येई आणि कलमराव एकच प्रश्न विचारीत: कशाने? वस्तू मोडली, याला त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. ती कशाने मोडली यावर सारे अवलंबून. म्हातारपणाने मोडली तर एक कलम, अपघाताने मोडली तर दुसरे, आणि वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणाने मोडली तर थेट नकाराचा शिक्का. या शेवटच्या सदरात माणसांना बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे धाकट्या भावाचे गवत कापायचे यंत्र त्यांच्या हातून कायमचे बंद पडले, तेव्हा ते कोणत्या सदरात बसते हे ठरवताना त्यांना निदान शब्द तरी शोधावे लागले नाहीत.

धाकटा शाळेची बस चालवी. त्याने लग्न केले नाही. दादाच्या घरातल्या मागच्या खोलीत राहिला, वहिनीच्या हातचे जेवला, आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या हिरवळीवर आपले यंत्र फिरवीत आला. यंत्र कसले, वरातीतली सोंगे एकत्र बांधावीत तसा तो प्रकार होता. सांगाडा एका कंपनीचा, चाके कुठल्या तरी हातगाडीची, आणि इंजिन भंगारवाल्याकडून उचललेले टू-स्ट्रोक, जे बसवण्यासाठी त्याने सांगाड्याच्या पत्र्याला स्वतः भोके पाडली होती. कलमरावांना असल्या जोडकामाचा मनस्वी तिटकारा.

“ह्याची हमी कोण देणार?” ते विचारीत.

“मी आहे ना, दादा,” धाकटा म्हणे.

ते यंत्र पहिल्या झटक्याला कधीही सुरू झाले नाही. धाकटा दोरी ओढी, थांबे, यंत्राला दोन शेलक्या शिव्या हासडी, पुन्हा ओढी. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत असे आणि पहिल्या शिवीला चहाचे आधण ठेवी. चहा उकळेपर्यंत यंत्र धुराचा लोट सोडून सुरू झालेले असे. या घरात सुट्टीचा दिवस उजाडल्याचे कॅलेंडरवरून कधी कळलेच नाही.

हिवाळा सरता सरता एका दुपारी धाकटा बसच्या आगारात, मुले घरोघरी सोडून आल्यावर, स्टिअरिंगवर हात ठेवून बसला तो बसलाच. बस रिकामी होती. हॅण्डब्रेक ओढलेला होता. दाव्याच्या भाषेत बोलायचे तर कोणाचेही कसलेही नुकसान झाले नव्हते.

नातेवाईक आले, बसले, उठले, गेले. कलमरावांना रडू आले नाही. येईल, येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. मग वाट पाहणेही राहून गेले. कचेरीत जात, दावे वाचत, डबा खात. डब्यात काय होते हे घरी विचारले तर सांगता आले नसते. मागच्या खोलीचे दार उघडेच असे आणि नवराबायको दोघेही त्याच्यासमोरून असे जात, जसे चालू असलेल्या कामात व्यत्यय नको म्हणून माणूस कचेरीत दुसऱ्याच्या टेबलापासून अंग चोरून जातो.

गवताला मात्र कुणाचे सुतक नव्हते. ते वाढत गेले. शेजारच्या घरात राहणारे, निवृत्त होऊनही गळ्यातली शिट्टी न उतरवलेले कवायत-शिक्षक कुंपणावरून म्हणाले, “कलमराव, एक दिवस तुम्ही कपडे काढायला जाल दोरीवरचे, आणि तुम्हाला शोधायला माणसं पाठवावी लागतील.”

तेव्हा एका सकाळी कलमरावांनी शेडमधून यंत्र बाहेर काढले. शेडमध्ये पेट्रोलचे दोन डबे होते. एकाच्या दांडीला तेलकट चिंधी बांधलेली, दुसरा स्वच्छ. हात पुसायचे फडके पेट्रोलच्या डब्याला बांधणारा माणूस आपला सख्खा भाऊ असावा, याचे त्यांना नेहमीप्रमाणे वैषम्य वाटले. त्यांनी स्वच्छ डबा उचलला आणि टाकी भरली.

यंत्र सुरू झाले, आणि आश्चर्य म्हणजे फार चांगले चालू लागले. धाकट्याच्या हाती ओकाऱ्या काढल्यासारखा धूर सोडणारे ते इंजिन त्यांच्या हाती हळूहळू निर्धूर झाले. आपण ते नीट चालवत आहोत, असे कलमरावांना वाटले. इतक्या आठवड्यांत त्यांना काही तरी वाटले ते एवढेच. निम्मी हिरवळ कापून झाली, तोच आवाज चिरका झाला, मग जड झाला, आणि बंद पडला. दोरी ओढली तर जागची हलेना. भिंतीत चिणलेली दोरी ओढावी तसे.

ते आत आले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

“बंद पडलं,” ते म्हणाले.

“त्याच्या मागोमाग गेलं,” ती म्हणाली. घडी घालून झाल्यावर तिने पुढचा सदरा उचलला. “दुरुस्त करून आणा. तेवढंच आहे त्याचं.”

“दुरुस्तीत अर्थ नाही. नवीनच घेऊ.”

“मला नवीन नको.”

नव्या यंत्राचा शोध अशा रीतीने सुरू झाला. कलमराव तो त्यांच्या पद्धतीने करू लागले, म्हणजे विक्रेत्यांच्या नाकी नऊ आणत. त्यांनी माहितीपत्रके गोळा केली. आजकाल माहितीपत्रक म्हणजे काय असते? पहिल्या पानावर एक हसरे कुटुंब, ज्याच्या हिरवळीवर कधी कोणी चाललेले नाही. मधल्या पानांवर अश्वशक्तीचे आकडे, जे कोणत्या उन्हात, कोणत्या चढावर मोजले हे परमेश्वराला ठाऊक. आणि ग्राहकाला ज्याची खरोखर गरज आहे ते सगळे मागच्या पानावर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. पाते किती रुंद असावे, तर लहान हिरवळीला हातभर पुरे. रुंद पाते कोपऱ्यात अडते. सांगाडा प्लास्टिकचा की पोलादी. सुटे भाग याच गावात मिळतात की ते मागवल्यावर गवत कमरेला लागते. हे सगळे मुंग्यांच्या रांगेत उभे. कलमरावांना मुंग्या वाचायची सवय होती. ते मागच्या पानापासूनच सुरुवात करीत.

अशाच एका मागच्या पानावर त्यांना ते वाक्य भेटले. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलला वेगळी जागा नसते. ते पेट्रोलमध्येच ठरल्या प्रमाणात मिसळावे लागते. नुसते पेट्रोल घातल्यास इंजिन काही काळ चालून आतला दट्ट्या रुतून बसतो, आणि अशा बिघाडास हमी लागू नाही.

त्यांनी पत्रक मिटले, पुन्हा उघडले. वाक्य तिथेच होते. धाकटा हेच जेवताना सांगत असे: ऑइल किती, पेट्रोल किती, कसे हलवायचे. वहिनी “हो का?” म्हणे आणि दादा वर्तमानपत्राचे पान उलटी. चिंधी फडके नव्हते. चिंधी ही खूण होती: हा डबा मिसळलेला. दुसरा, स्वच्छ, त्याच्या स्कूटरसाठीच्या नुसत्या पेट्रोलचा.

कशाने? वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणाने. त्यांना सवयीने हेही सुचले की अर्जदाराला पुरेशी पूर्वसूचना मिळालेली होती.

हे कळल्यावर काही तरी तुटायला हवे होते. तसे काही झाले नाही. त्यांनी हात धुतले आणि जेवायला बसले. फक्त एक गोष्ट मनात पक्की झाली: ते इंजिन कुणी उघडता कामा नये. उघडणारा बायकोसमोर बोलेल. धाकट्याचे जे एवढे उरले होते ते धाकट्याच्या मागोमाग गेलेले नसून दादाने मारले, हे तिला कळेल. म्हणून नवे यंत्र हवे. पूर्ण, खोक्यात बंद, कागदपत्रांसह. आणि जुने भंगारात.

पुढच्या शनिवारी ते बायकोला घेऊन बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले. विक्रेता अघळपघळ बोलणारा, गोल चेहऱ्याचा गृहस्थ होता.

“हे घ्या साहेब, आणि पाच वर्षं विसरून जा.”

“विसरलं तर चालतं? मागे लिहिलंय, ऑइलची पातळी तपासली नाही तर हमी रद्द.”

“ते सगळ्याच कंपन्या लिहितात हो. कोण वाचतं?”

“मी.”

“त्यांचं पोटच त्यावर चालतं,” बायको म्हणाली. ती रांगेने मांडलेल्या यंत्रांकडे पाहत होती. सगळी एकाच रंगाची, चाकांवर धुळीचा कण नाही. एका यंत्राच्या सांगाड्यावर तिने बोट फिरवले. “नुसतं इंजिन मिळतं का हो?”

“मिळतं की, ताई. तुमचा सांगाडा धड असला आणि इंजिनाचा दांडा उभा बसणारा असला, तर मागच्या वर्कशॉपमध्ये बसवून देतात.”

“सांगाडा धड आहे. भोकंसुद्धा पाडलेली आहेत.”

कलमरावांनी बाहेर पडल्यावर बाजू मांडली. “जोडकामाला हमी नसते.”

“इंजिनाला असेल ना?”

“इंजिनाला असेल. सांगाड्याचं काय?”

“पत्र्याला कशाला हवी हमी? पत्रा काय मरतोय?”

कलमराव तिच्यामागून चालू लागले. दुसरा मार्ग नव्हता. फार ताणून धरले असते तर तिने विचारले असते, एवढे का? आणि तोच प्रश्न त्यांना टाळायचा होता.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांब शेड. मिस्त्रीने दुकानाच्या टेम्पोतून आलेले यंत्र फरशीवर घेतले, दोरी एकदा ओढून पाहिली, सोडून दिली.

“जाम झालंय. कशानं झालं?”

आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न कलमरावांनी प्रथमच समोरून ऐकला. त्यांनी तोंड उघडले. शेडच्या दुसऱ्या टोकाला कोणी तरी पाते घासत होते.

“जुनं झालं होतं,” बायको म्हणाली.

“होतं असं,” मिस्त्री म्हणाला आणि बोल्ट सैल करू लागला. त्याला त्यात काही गम्य नव्हते. इंजिन निघाले. त्याने ते कोपऱ्यातल्या ढिगावर ठेवले, आणि फळीवरून दोन नवी इंजिने काढून समोर मांडली. एक चकचकीत, ताकदीचे, नाव कुणी न ऐकलेले. दुसरे साधे, बेताच्या ताकदीचे, पण त्याचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे.

“ह्या साध्याला पेट्रोल वेगळं आणि ऑइल वेगळं ना?” बायकोने विचारले.

“दोन्ही फोर-स्ट्रोकच आहेत. मिसळायची भानगड नाही.”

“मग साधंच द्या. ह्यांच्याच्यानं मिसळणं होणार नाही.”

तिने हे सहज म्हटले, मागे वळून न पाहता. मिस्त्री हसला. कलमराव मात्र जागीच राहिले.

बसथांब्यावर दोघे शेजारी बसली. बऱ्याच बस गेल्यावर, म्हणजे त्यांच्या नसलेल्या, ते म्हणाले, “तुला माहीत होतं.”

“चिंधीवाला डबा भरलेलाच होता. शेडमध्ये झाडायला गेले तेव्हा बघितला.”

“मग बोलली नाहीस.”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.” तिने पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. “मग म्हटलं, राहू दे. तिथे काय सांगायचं परक्या माणसाला.”

“माझ्याच हातून गेलं.”

“हो.”

एवढेच. तिने क्षमा केली नाही आणि दोषही दिला नाही. कलमरावांच्या कचेरीत या दोहोंच्या मधले सदर नव्हते. त्यांना वाटले, आता तरी रडू येईल. आली ती बस, आणि दोघे चढली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी यंत्र परत आलेले होते: धाकट्याचा सांगाडा, धाकट्याची चाके, धाकट्याने पाडलेली भोके, दोन अपुरी पडली म्हणून शेजारी मिस्त्रीने पाडलेली आणखी दोन, आणि वर नवे, करडे, अबोल इंजिन. कलमरावांनी आधी ऑइलची पट्टी काढून पातळी पाहिली. पुसून पुन्हा पाहिली. मग स्वच्छ डब्यातले पेट्रोल घातले. चिंधीवाला डबा शेडमध्येच होता. त्यातल्याचा आता कशालाही उपयोग नव्हता, आणि तो कुठे ओतायचा हा विषय घरात कोणी काढला नव्हता.

त्यांनी पाय रोवले, दोरी धरली आणि ओढली. धूर नाही, खोकला नाही, शिवीला जागा नाही. यंत्र पहिल्याच झटक्याला चालू झाले. माहितीपत्रकात लिहिले होते अगदी तसे. तक्रारीला एकही जागा न ठेवणारी वस्तू त्यांनी आयुष्यात प्रथमच विकत घेतली होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीत बायको आली. तिचे ओठ हलले. इंजिनाच्या आवाजात काही कळेना, म्हणून त्यांनी दांड्यावर दाबून धरलेली कळ सोडली. यंत्र आज्ञाधारकपणे थांबले.

“काय म्हणालीस?”

“काही नाही. आधणच ठेवलं नाही अजून.” तिच्या हातात रिकामे पातेले होते. “इतक्यात सुरू होईल असं वाटलं नव्हतं.”

“ठेव मग. थांबतो.”

ती आत गेली. कलमराव उंच गवतात, यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून, पाणी उकळण्याची वाट पाहत उभे राहिले.