बिनडॉक्टरचा दवाखाना

माझी पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असली की तिच्या घरघरीत बायका मोठमोठ्यानं बोलतात, आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. मग अर्धं वाक्य सगळ्यांच्या कानावर पडतं. उरलेलं अर्धं मी काढून घेते. मला चौकशीची खोड आहे. लोक तिला भोचकपणा म्हणतात, म्हणोत बापडे.

तर माझ्या गिरणीला लागून श्रीमंतची खोली आहे. श्रीमंत आमच्या वाडीचा ग्रामपंचायत सदस्य. पूर्वी तिथं खताच्या गोण्या असायच्या. गेल्या वर्षी एक दिवस गोण्या निघाल्या, चुना लागला आणि दोन बाया खाट, टेबल, पडदा असं सामान घेऊन उतरल्या. दोघी नर्स. पाटीवर लिहिलं होतं, ‘परिचारिका आरोग्य केंद्र’. वाचून लोक विचारायचे, डॉक्टर कुठंय? डॉक्टर नव्हताच. नगरच्या एका संस्थेनं हे केंद्र काढलं होतं. संस्थेचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, एरवी फोनवर असायचे, आणि बाकी सगळा कारभार या दोघींचा. गावानं लगेच नाव पाडलं, ‘बिनडॉक्टरचा दवाखाना’.

दोघींमधली धाकटी रेश्मा. ती गरोदर बायकांचं आणि लहान मुलांचं बघायची. थोरली पंकजा. तिच्याबद्दलच मला सांगायचंय, कारण इतकं विचित्र माणूस मी माझ्या जन्मात पाहिलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ती सुई देत नसे. आमच्याकडं सुई टोचल्याशिवाय आजार जात नाही, आणि थकवा असला की सलाईन लागतंच. मिरजगावला पन्नास दवाखाने आहेत, बसल्या बसल्या बाटली लावतात. पंकजा सिस्टर मात्र अंगदुखीच्या माणसाला म्हणायची, “काका, पाणी किती पिता? झोपता कुठं? गादी आहे का सतरंजी?” काका बाहेर येऊन मला म्हणाले, “शोभाताई, ही नर्स हाय का पोलीस?”

मला तर ती आवडायलाच लागली. माझ्यापेक्षा चौकस माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. रक्तदाब मोजता मोजता ती विचारायची की चूल आहे का गॅस, धूर कुठून जातो, सुनेचं आणि सासूचं पटतं का. जखमेवर पट्टी बांधताना विचारायची, हे लागलं ते कुठल्या विळ्यानं, आणि तो विळा आता कुठंय. तिच्या आवाक्याबाहेरचं काही दिसलं की मात्र एक प्रश्न विचारायची नाही. डॉक्टरांना फोन लावायची आणि पेशंटला थेट गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात पाठवायची.

ती मूळची खर्ड्याची. घरची कोरडवाहू शेती, चार बहिणी. नर्सिंगचं शिक्षण नगरला झालं आणि मग पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी. चांगली नोकरी, एसीमध्ये. ती सोडून इथं खताच्या खोलीत कशाला आली, हे मला कळल्याशिवाय झोप येईना. पहिल्यांदा विचारलं तर म्हणाली, पुण्याचं पाणी मानवलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, बस लागते. तिसऱ्यांदा मी गिरणी थांबवून, शटर अर्धं ओढून तिच्यासमोर बसले तेव्हा खरं बोलली.

“जामखेडकडचे एक बाबा होते. श्वासाचा त्रास. तीनदा ॲडमिट झाले. दर वेळी आम्ही ठणठणीत करून पाठवायचो. तिसऱ्यांदा आले ते गेलेच. तिथं सगळे म्हणाले, बाबा औषधं घेत नसतील. असतीलही. पण शोभाताई, घरी गेल्यावर त्यांचं काय व्हायचं, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मला ते बघायचं होतं.”

एवढ्यासाठी माणूस नोकरी सोडतं? मी तिला वेडी म्हणाले. ती हसली आणि माझ्या पायाची सूज बघायला लागली.

दवाखान्याला पेशंट मिळायला लागले ते रतनकाकूमुळं. रतनबाई म्हणजे श्रीमंतची आई. गावात तिचा शब्द मोठा. ती स्वतः चालत आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, “बघ गं बाई, मला लई तहान लागती.” शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि ती कशी घ्यायची हे पंकजानं समजावलं. जेवायला बसण्याआधी थोडा वेळ, रोज, न चुकता. रतनकाकू एकदम कडक बाई. न चुकता म्हटलं म्हणजे न चुकता. तिचं बघून वाडीतल्या सगळ्या बायका रांगेत आल्या.

आणि मग एका दुपारी रतनकाकू अंगणात कोसळली.

शेजारणींनी खाटेवर घालून आणली. मीही गिरणी बंद करून धावले. अंगाला नुसता घाम, हातपाय थरथरत होते, डोळे उघडे पण ओळख नाही. पंकजानं बोटाला टोचून यंत्रात थेंब घातला आणि रेश्माला म्हणाली, “साखरपाणी.” मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. शुगरवालीला साखर? पण तिनं रतनकाकूला उठवून बसवलं, गिळता येतंय ना ते बघितलं आणि चमच्या चमच्यानं साखरपाणी पाजलं. हळूहळू काकूच्या डोळ्यांत माणसं दिसायला लागली. मला म्हणाली, “तू हितं काय करतीस? गिरनी?” मला रडूच फुटलं.

पंकजानं विचारलं, “मावशी, जेवला होता का?”

“व्हय की. जेवले.”

तेवढ्यात श्रीमंत आला. माणूस वाईट नाही, पण राग नाकाच्या शेंड्यावर. दारातूनच ओरडला, “आमच्या म्हातारीला गोळ्या देऊन मारताय का? डॉक्टर न्हाई, काय न्हाई! माजीच चूक झाली खोली दिली ती. रविवारच्या आत हितलं सामान निगलं पायजे.”

रेश्मा रडवेली झाली. पंकजा शांतपणे म्हणाली, “दादा, गोळी डॉक्टरांची असली तरी समजावून सांगणारी मी. कुठंतरी माझं चुकलंय. खोली रिकामी करीन. पण काय चुकलं ते कळल्याशिवाय मी जाणार नाही.”

“आता काय कळायचं राहिलंय?” श्रीमंत आईला घेऊन गेला.

त्या संध्याकाळी दवाखान्यात एक पेशंट फिरकला नाही. वाडीला तेवढंच निमित्त पाहिजे होतं. बायका माझ्या गिरणीत येऊन कुजबुजत होत्या, सुई देत नव्हती तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. मी एकीच्या डब्यातलं पीठ मुद्दाम जाड काढलं. पंकजा मात्र खाटेवर बसून एकच गोष्ट चघळत होती. “पोटात अन्न असतं तर शुगर इतकी खाली गेलीच नसती. यंत्र खोटं सांगत नाही. मावशीही खोटं बोलणारी नाही. मग?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रतनकाकूला फोन केला. म्हणाली, मावशी, जायच्या आधी एक दुपार तुमच्या स्वयंपाकघरात बसू द्या. काकूनं लगेच हो म्हटलं. काकूचं बाजरीचं पीठ माझ्याकडं तयार होतं. एरवी ती स्वतः न्यायला येते. मी म्हटलं, मीच पोचवते. लाज वाटायचं काय कारण आहे त्यात? मलाही बघायचं होतं.

श्रीमंतचं घर दुपारचं रिकामं असतं. बायको मिरजगावला शाळेत शिकवते, पोरं तिच्याबरोबर जातात. रतनकाकू एकटीच. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. काकूनं भाकऱ्या थापल्या, शेवग्याची आमटी उकळली, कांदा फोडला. पंकजाचे डोळे नुसते काकूच्या हाताबरोबर फिरत होते. माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले.

मग फोन वाजला. श्रीमंत होता. काकूनं फोन कानापासून लांब धरला होता, त्यामुळं आम्हालाही स्वच्छ ऐकू आलं. “आलोच. ताट कर.”

काकू उठली, कोनाड्यातून गोळी घेतली आणि पाण्याबरोबर गिळली. आता ती जेवायलाच बसणार, म्हणून पंकजानं अडवलं नाही. एक ताट वाढलं. त्यावर दुसरं ताट झाकलं आणि शेजारी बसून राहिली.

ग्रामपंचायतीच्या माणसाचं ‘आलोच’ काय असतं, हे काय मी सांगायला पाहिजे? ते फाट्यावर असतात तेव्हाही आलोच, आणि कर्जतला असतात तेव्हाही आलोच. आम्ही बसलो. काकूनं भांडी घासली. परत बसलो. आमटीवर साय धरली. पंकजा पुढं सरकली.

“मावशी, तुमचं ताट?”

“माजं काय, त्याचं झालं की.”

“भूक लागली असेल.”

“घरचा कर्ता जेवल्याबिगर चुलीम्होरची बाई कशी जेवंल? ह्यांच्या वेळंपासून तसंच हाय. आता ते न्हाईत, तर श्रीमंत हाय.”

“काल पण असंच?”

“रोजचंच हाय की बाई.”

पंकजानं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, “काल तर म्हणालात, जेवले म्हणून.”

काकू जरा चिडलीच. “मग काय चारचौघांत सांगू, भरल्या घरात उपाशी हाय म्हनून? पोराची काय इज्जत राहील?”

बाई गोळी अगदी सांगितल्यासारखी घेत होती. जेवायच्या थोडी आधी. लेक ‘आलोच’ म्हणाला की ती घ्यायची. लेक यायचा त्याच्या वेळेला, आणि तोवर गोळी आपलं काम करत राहायची, रिकाम्या पोटात. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. गावातल्या अर्ध्या बायका अशाच जेवतात, मी सुद्धा कित्येकदा जेवलेय. तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि पंकजाच्याही नाही.

“मी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “चुलीचा धूर विचारला, झोपायची गादी विचारली. जेवता का विचारलं. कुणानंतर जेवता, हे विचारलं नाही.”

काकूच्या कपाळावर पुन्हा घाम दिसायला लागला होता. पंकजानं बोट टोचलं, बघितलं आणि म्हणाली, “मावशी, आत्ताच्या आत्ता जेवा.”

“त्यो येऊ दे.”

“मावशी!”

“न्हाई म्हनले ना.” शेवटी गुळाचा मोठा खडा तोंडात टाकायला तयार झाली, कारण गूळ म्हणजे काही जेवण नव्हे.

बाहेर मोटारसायकल थांबली. श्रीमंत आत आला. पंकजाला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. काकू लगबगीनं उठली, झाकण काढलं, भाकरी गरम करायला तव्यावर टाकली.

पंकजानं सरळ विचारलं, “दादा, फोन केलात तेव्हा कुठं होतात?”

“फाट्यावर. का?”

“तिथं काही खाल्लं का?”

“हाटेलात बसलं की खावंच लागतं. भजी खाल्ली. चार मानसं असत्यात, रोजचंच हाय.” मग आईकडं वळून म्हणाला, “मला अर्दीच वाढ. भूक न्हाई. तुला वाईट वाटंल म्हनून बसतो.”

भाकरी उलटता उलटता काकू थांबली.

पंकजानं सांगितलं. गोळी कधी घेतली, ताट कधी झाकलं, काल अंगणात काय झालं आणि आत्ता काय व्हायला लागलं होतं. आवाज चढवला नाही. “मी चुकले, दादा. मला हे आधीच विचारायला पाहिजे होतं. खोलीचं तुम्ही ठरवाल तसं. पण मावशीला आत्ता जेवू द्या.”

श्रीमंत आईकडं वळला. “तू जेवली न्हाईस? अजून?”

काकूनं तवा खाली उतरवला. मला वाटलं आता रडणार. पण ती रतनकाकू होती.

“रोज भजी खातुयास?”

श्रीमंतनं तोंड पुसलं.

“मी हितं ताटाला माश्या बसू देत न्हाई, आन तू भजी खाऊन येतुयास? आन वर माज्यासाटी जेवतुयास?” तिचा आवाज चिरकला. “मेल्या, मी तुज्यासाटी उपाशी, तू माज्यासाटी पोट फुटस्तोर! ह्याला काय म्हनावं?”

मला हसू आवरेना. पंकजा उगाच यंत्राची डबी उघडझाप करत बसली.

काकू श्रीमंतसाठी वाढलेल्या ताटावर स्वतः बसली. आमच्याकडं पाठ करून, कारण लेकाच्या देखत आधी जेवायची तिला सवय नव्हती. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग पाठ तशीच ठेवून बोलली, “रविवारी खोली रिकामी करतुयास न्हवं? कर. ह्या गेल्या की मला इचारनारं कोन न्हाई. मी परत तुजी वाट बघत बसंन.”

श्रीमंतनं हात धुतले. मग चुलीपाशी गेला, पातेल्यावरचं झाकण काढलं, इकडं तिकडं बघितलं. आयुष्य त्या घरात गेलं त्याचं, पण पळी कुठं असते हे त्याला माहीत नव्हतं.

“आमटी कशानं वाढायची गं, आई?”